आधी वही, मग उपाय

मी विशेष शिक्षिका आहे. कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात काम करते. आधी एका विशेष शाळेत होते, आता दोन खोल्यांचं स्वतःचं केंद्र चालवते. माझ्याकडे ऑटिझमची मुलं येतात, एडीएचडीची येतात आणि दोन्ही असलेलीही पुष्कळ येतात. पहिल्या भेटीत आईवडील जे सांगतात त्यात एक गोष्ट हमखास असते: तेच तेच करणं. हात झटकणं, गोल गोल फिरणं, गाड्यांची रांग लावणं, एकच वाक्य दिवसभर घोळवणं, नाहीतर बसल्या जागी पाय हलवत राहणं. प्रश्नही ठरलेला, ‘मॅडम, हे बंद कसं करायचं?’ माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला असा की, हे त्याला कशासाठी लागतं? तो न विचारता जे बंद केलं जातं ते दुसऱ्या दाराने परत येतं, आणि बहुतेक वेळा जास्त त्रासाचं होऊन येतं.

१. एक वही करा आणि आठवडाभर काहीच बदलू नका.

वहीत तीन रकाने पाडायचे: आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. शेजारी वेळ लिहायची. मोबाइलमध्ये टिपणारे पालक लवकर कंटाळतात. फ्रिजवर दोरीने अडकवलेली वही आणि तिलाच बांधलेलं पेन, हे टिकतं. आजीआजोबांनाही त्यात लिहिता येतं, आणि दुपारभर मूल त्यांच्याकडेच असतं.

सात-आठ वर्षांचा एक मुलगा संध्याकाळी कानांवर जोरजोरात हात मारायचा आणि पुढेमागे झुलायचा. घरच्यांना वाटे, बाबा ऑफिसातून आले की त्याला लक्ष हवं असतं म्हणून तो हे करतो. वहीत वेळा बघितल्या तर बाबा यायच्या आधीच सुरुवात होत होती, आणि रविवारीही होत होती, बाबा घरात असताना. मग आईने एक दिवस नुसतं त्याच्या खोलीत बसून ऐकलं. त्या वेळेला सोसायटीचा पाण्याचा पंप चालू व्हायचा आणि त्याची खोली पंपाच्या बरोबर वर. आपल्याला तो आवाज जाणवतही नाही, त्याला भिंतीतून कानात शिरत होता. उपाय काय केला? पंपाच्या वेळेला तो पुढच्या खोलीत, कानांवर जाड हेडफोन. झुलणं राहिलं, कान बडवणं गेलं.

वहीची पद्धत माझी नाही. १९८२ साली अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांचा अशाच अंगाने अभ्यास मांडला. लक्ष मिळतं म्हणून, काम टळतं म्हणून, की कोणी आसपास नसतानाही त्या संवेदनेसाठीच, असं एकेक कारण वेगळं काढून त्यांनी तपासलं. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवलं की, ‘मदत करा’, ‘माझ्याकडे बघा’ हे सांगायचा सोपा मार्ग मुलाला शिकवला की त्रासदायक वागणं कमी होतं. आपल्याकडे ही वही भरून घेण्याआधीच सल्ल्यांचा पाऊस पडतो, ही माझी तक्रार आहे.

२. दिसायला सारखं म्हणून ते एकच नव्हे.

डोळे मिचकावणारी चार मुलं एका बाकावर बसवली तर चौघांची चार कारणं निघतील. ऑटिझममधल्या हालचाली साधारण तीन वर्षांच्या आत दिसायला लागतात, ठरावीक घाटाच्या असतात, आनंद झाला की वाढतात, ताण आला तरी वाढतात, आणि दुसरीकडे लक्ष वेधलं की बऱ्याचदा थांबतात. एडीएचडीच्या मुलाची हालचाल घाट बदलते: आता पेन्सिल, मग शर्टाचं बटण, मग पुढच्या मुलाची वेणी. कंटाळवाणं काम आलं की ती वाढते. टिक्स म्हणजे डोळ्यांची उघडझाप, मानेला झटका, घसा खाकरणं. हे बहुधा पाच-सात वर्षांच्या आसपास सुरू होतं, काही आठवडे वाढतं, मग आपसूक कमी होतं, आणि जरा मोठं मूल सांगतं की, आधी आतून काहीतरी दाटून येतं. आणि मंत्रचळ असलेल्या मुलाला हात धुवायचे नसतात, पण धुतले नाहीत तर काहीतरी वाईट होईल ही भीती त्याला सोडत नाही.

पाचवी शक्यता फीटची, आणि ती चुकवून चालत नाही. मूल एकदम थबकतं, शून्यात बघतं, हाक मारली, खांद्याला हात लावला तरी भानावर येत नाही, कधी ओठ चघळल्यासारखे हलतात. ऑटिझम असलेल्यांत फीट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. अशा वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. डॉक्टरांसमोर मूल नेमकं तेव्हा तसं करत नाही. व्हिडिओ असला की वर्णन करत बसावं लागत नाही.

जुन्या फायली घेऊन येणाऱ्या पालकांसाठी एक खुलासा. अमेरिकन मनोविकार संघटनेची जी निदानपुस्तिका आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात, तिच्या १९९४च्या आवृत्तीनुसार ऑटिझम असेल तर एडीएचडीचं निदान वेगळं देता येत नव्हतं. २०१३ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीने ती आडकाठी काढली. त्यामुळे आता पंचविशीत असलेल्या एखाद्या मुलाच्या कागदावर एकच निदान असेल, तर दुसरं नव्हतंच असं समजू नका. दोन्ही असलेल्या मुलाचं गणितही वेगळं. त्याला ठरलेला दिनक्रम लागतो, आणि तोच दिनक्रम थोड्या दिवसांत नकोसाही होतो. मी चौकट तीच ठेवते आणि आतला मजकूर बदलते: साडेदहाला मणी ओवायचे म्हणजे ओवायचेच, पण आज लाल, उद्या शंख, परवा पास्ता.

३. पंखा शत्रू नाही.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बाल्टिमोरहून ज्या अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, त्यातला पहिला मुलगा हाताला येईल ती वस्तू जमिनीवर गरगर फिरवायचा. आपल्या घरांत फिरणारी वस्तू छतालाच टांगलेली असते. पंखा बघत उभं राहणारी मुलं मी इतकी पाहिली आहेत की, नव्या घरी गेले की मीही आधी वर बघते.

एक पाच वर्षांचा मुलगा आला तेव्हा बोलत नव्हता. खोलीत शिरला की भिंतीला पाठ लावून उभा, मान तिरकी, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पात्यांकडे नजर, दोन्ही हातांची बोटं हनुवटीपाशी पिसासारखी हलताहेत. पंखा बंद केला की रडून गोंधळ. आधीच्या ठिकाणी पंखाच बंद ठेवायचे, भर मे महिन्यातसुद्धा. मी पंख्यालाच कामाला लावलं. रेग्युलेटरवर शून्य ते पाच मोठ्या अक्षरांत रंगवले. पंख्याचं चित्र असलेलं कार्ड त्याने माझ्या हातात दिलं की पंखा सुरू. मग ‘एक’चं कार्ड, मग ‘तीन’चं. तीनवर पाती वेगळी दिसतात, पाचवर चकती होते, हे त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. आकडे त्याने तिथेच शिकले. ‘पाच’ हा त्याचा पहिला स्पष्ट शब्द. पुढे ‘पाच द्या’, मग ‘हळू’, मग ‘मॅडम, हळू करा’. घरी गेल्यावर बाबांच्या हातात कार्ड कोंबून त्यांना स्विचपर्यंत ओढत न्यायचा, आणि माणसाला ओढून न्यायची कला तो मुळात पंख्यासाठी शिकला.

त्याला आजही पंखे आवडतात. दुकानात गेला की कंपनी सांगतो, पात्यांची लांबी सांगतो. आजोबांना अजून याचं दुःख आहे. मला नाही.

४. पोपटपंचीही बोलणंच असतं.

एक मुलगी दुपारी बाराच्या सुमाराला म्हणायला लागायची, ‘पुढील स्टेशन, कोपर.’ मग तेच हिंदीत, मग इंग्रजीत, मधल्या थांब्यांसकट, लोकलमधल्या बाईच्याच सुरात. आई कानकोंडी व्हायची. घर कोपरला, येणं डोंबिवलीला. तिला घरी जायचं होतं, दुसरं काही नाही. तिच्याजवळ त्या अर्थाचं तयार वाक्य तेवढं एकच होतं.

बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्युकन यांनी १९८१ मध्ये मुलांचं हे लगेच केलेलं प्रतिध्वनी-बोलणं तपासून दाखवलं की, त्यातून मुलं कधी मागणी करतात, कधी होकार देतात, कधी आपली पाळी आली म्हणून उत्तर भरतात. म्हणजे ‘गप्प बस, तेच तेच नको’ म्हणण्यात आपण त्यांचं उत्तरच परत पाठवत असतो.

इथे एक युक्ती फार उपयोगी पडते. आपण विचारतो, ‘तुला पाणी पाहिजे?’ आणि मूल म्हणतं, ‘तुला पाणी पाहिजे.’ दोघंही अडकतात. त्याऐवजी त्याच्या वतीने, त्याच्या तोंडी शोभेल असं बोलायचं: ‘मला पाणी हवं.’ ते उचलायचंच असेल तर हे उचलेल. त्या मुलीसाठी आम्ही ‘कोपर’ ठेवलं आणि पुढे जोडलं, ‘कोपर, घरी जायचं.’ काही महिन्यांनी लोकल गळून पडली आणि ‘घरी जायचं’ उरलं. घंटागाडीचं गाणं, जाहिरातींचे सूर, मालिकेतल्या सासूचे संवाद, सगळ्यांवर हेच लागू. मालिकेचे संवाद शाळेत पोचले की पालकसभेत हशा होतो, तो आईने सोसायचा.

५. ‘नीट बस’ सांगून एडीएचडीचं मूल शिकत नाही.

पाय हलतोय म्हणून लक्ष नाही, हा आपल्या वर्गांमधला पक्का समज. फ्लोरिडातल्या डस्टिन सार्व्हर, मार्क रॅपोर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना आकडे-अक्षरं डोक्यात धरून ठेवायची कामं दिली. एडीएचडी असलेली मुलं जास्त हलली तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. एडीएचडी नसलेली हलली तेव्हा बिघडली. म्हणजे ज्याला आपण शिस्त म्हणून खिळवतो, त्याचं डोकं आपण अर्धं बंद करतो.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिक्षकांनी काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. खर्चाचं काही सांगत नाही. सायकलची जुनी ट्यूब कापून बाकाच्या पुढच्या दोन पायांना बांधा, मुलाने पायाने ती दाबत बसावं. आवाज होत नाही. शेवटच्या बाकाजवळ उभं राहून लिहायची मुभा द्या. खडू आणणं, वह्या वाटणं, हजेरीपत्रक ऑफिसात पोचवणं ही कामं त्यालाच द्या. गणितं वीस एकदम न देता पाच-पाच द्या.

हाताला काहीतरी द्यायचं तर एक कसोटी लावा: ते बघावं लागतं का? खिशातला रबराचा गोळा, दोरीच्या गाठी, कापडाचा तुकडा चालतो, कारण डोळे फळ्यावर राहतात. २०१७च्या सुमाराला जी फिरकी घराघरांत आली होती ती मात्र मुलं बघतच बसायची. एकाग्रतेचं साधन म्हणून ती विकली गेली. मला ती निव्वळ खेळणंच वाटली.

६. काही गोष्टी थांबवायच्याच असतात, पण त्या अचानक सुरू झाल्या असतील तर आधी डॉक्टर.

डोकं आपटणं, हाताला चावणं, केस उपटणं, भिंतीचा रंग किंवा माती खाणं, दुसऱ्याला लागेल असं काही करणं, किंवा खाणंपिणं-झोप सगळं अडेल इतकं एकाच गोष्टीत गुंतणं, यांत वाट बघत बसायचं नाही. पण जे मूल कालपर्यंत असं करत नव्हतं त्याने आज सुरू केलं, तर ते वागणं नसून दुखणं असू शकतं. न बोलणारा एक मुलगा जबड्यावर मूठ मारायला लागला. शाळा बदलली म्हणून, घर बदललं म्हणून, असं सगळे म्हणत राहिले; दंतवैद्याला दाढ किडलेली सापडली. कान, दात, बद्धकोष्ठता, पित्त हे पहिल्यांदा बघून घ्यायचं. माती-चुना खाणाऱ्याचं रक्तातलं लोह तपासायचं.

दुखणं नसेल, तर काढून घेण्याऐवजी बदलून द्यायचं. बदली वस्तूने तीच संवेदना दिली पाहिजे, हे मुख्य. शर्टाची कॉलर चावणाऱ्याला टाळ्या वाजवायला शिकवून उपयोग नाही. त्याच्या जबड्याला दाब हवा आहे, त्याला चावायची रबरी नळी द्या, जेवणात गाजर, खाकरा ठेवा. डोकं आपटणाऱ्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उशी घाला, तोंडाने काही बोलू नका. त्या वेळचं भाषण त्याच्यापर्यंत पोचत नाही. झोपाळा असलेल्या घरांचं काम मात्र सोपं होतं. वीस मिनिटांच्या झोक्यांनी जे होतं ते माझ्या महागड्या साहित्याने होत नाही.

७. हात झटकण्यावर गोळी नाही.

औषधाचा निर्णय डॉक्टरांचा, माझा नाही. पण पालक काय समजून औषध मागतात ते मी रोज ऐकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रिस्पेरिडोनला २००६ मध्ये आणि अॅरिपिप्राझोलला २००९ मध्ये ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी मान्यता दिली. चिडचिड म्हणजे संतापाचे झटके, स्वतःला-दुसऱ्याला इजा. झुलणं आणि रांगा लावणं त्यात येत नाही. सिटालोप्रॅम नावाचं औषध तेच तेच करणं कमी करील अशी आशा होती. २००९ साली १४९ मुलांवर झालेल्या चाचणीत त्याचा परिणाम खोट्या गोळीहून जास्त दिसला नाही, दुष्परिणाम मात्र जास्त दिसले. एडीएचडीच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, लक्ष टिकायला त्या अनेकांना खरोखर मदत करतात. गोळी सुरू झाल्यावर डोळे मिचकावणं दिसलं तर वहीत लिहा आणि डॉक्टरांना सांगा. मनाने बंद करू नका.

आणि ‘स्टेम सेलने ऑटिझम बरा’ अशा जाहिराती बघून घर गहाण टाकू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी हे उपचार सुचवण्याजोगे नाहीत, असं म्हटलं आहे.

८. लोकांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा.

लग्नात, लोकलमध्ये, गणपतीच्या आरतीला मूल हात झटकायला लागलं की सल्लागार जमतात. कोणी दृष्ट काढायला सांगतं, कोणी आईच्या नोकरीवर येतं, कोणी ‘दोन फटके दिले की सरळ होतील’ म्हणतं. एका आईचं उत्तर मी सगळ्यांना देते: ‘त्याला गर्दीचा त्रास होतो, हात हलवले की बरं वाटतं.’ एवढंच बोलायचं, पुढे वाद घालायचा नाही.

लग्नाला जायचं असेल तर आदल्या आठवड्यात हॉलचा फोटो दाखवा, वधूवरांचा दाखवा, आणि बसायची शांत जागा आधी ठरवा. ढोलताशा असेल तर वरातीनंतर पोचा. अक्षता चुकल्या तरी आहेर पोचतोच.

कागदांचंही इथेच सांगते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी नाही. त्यामुळे नुसत्या एडीएचडीवर दिव्यांग प्रमाणपत्र मागायला गेलेले पालक हात हलवत परत येतात. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर तिची तपासणी करून घ्या, ती यादीत आहे. ऑटिझमच्या मुलांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. फॉर्म भरायचा कंटाळा करू नका.

९. मोठी झालेली मुलं काय म्हणतात ते ऐका.

२०१९ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ३२ ऑटिस्टिक प्रौढांशी बोलून एक लेख प्रसिद्ध केला. या हालचालींनी जिवाला शांत वाटतं, भावना सांभाळता येतात, आणि त्या बंद पाडण्यासाठीच केलेले उपचार आम्हाला मान्य नाहीत, असा त्यांचा सूर होता. माझा एक जुना विद्यार्थी आता कॉलेजात जातो. त्याच्या खिशात कायम बसच्या तिकिटाची बारीक घडी असते आणि बोटं तिच्यावर चालू असतात. एकदा एका पाहुण्या शिक्षकांनी हात बाहेर काढायला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘सर, हात बंद ठेवू की तुमचं ऐकू, एक काहीतरी सांगा.’

तरी वयाचा विचार करावा लागतो. पाच वर्षांच्या मुलाने अनोळखी बाईच्या ओढणीला हात लावला तर लोक हसतात. पंधराव्या वर्षी पोलिसांपर्यंत जातं. म्हणून कुठे काय चालतं हे दहाव्या वर्षाच्या आतच शिकवायला घ्यावं: हे आपल्या खोलीत, हे सगळ्यांसमोर चालेल, हे दुसऱ्याच्या अंगाला कधीच नाही. ‘कधीच करू नको’ची यादी जितकी छोटी, तितकी ती पाळली जाते.

१०. केंद्र निवडताना आत बसू देतात का ते विचारा.

मुलाचे हात मांडीवर दाबून ठेवून ‘बघा, कसा शांत बसला’ दाखवणारी केंद्रं आहेत. तीन महिन्यांत सगळं घालवून देतो म्हणणारीही आहेत. फी, डिग्री, भिंतीवरची चित्रं बघण्याआधी तीन गोष्टी विचारा: मी एक तास आत बसू का? तो हात झटकायला लागला की तुम्ही काय करता? घरी मी काय लिहून आणू? पहिल्याला नकार आला तर पुढचे दोन विचारायची गरज नाही, चप्पल घाला. आमच्याकडे आलात तर शुक्रवारी या, त्या दिवशी मुलं जरा कमी असतात. आणि वही आणा, अर्धी भरलेली असली तरी चालेल.